साध्या बल्बपासून घरी प्लाझ्मा ग्लोब बनवता येतो का?

हो, येतो. प्लाझ्मा ग्लोब म्हणजे वायू भरलेला काचेचा गोल, ज्यात विजेच्या रंगीत रेषा नाचतात. तसा गोल आणून त्यात वायू भरायच्या भानगडीत पडू नका. पारदर्शक काचेचा ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटवाला बल्ब घ्या. त्यात आरगॉन आणि नायट्रोजन असतो, म्हणून रेषा जांभळट दिसतात. उडालेला बल्बही चालतो, फक्त काच शाबूत हवी. १५ वॅटचा नको. त्यात बहुधा वायूच नसतो.

खरा प्रश्न विजेचा उच्च दाब (व्होल्टेज) देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा. जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीत असतो तो, मेकॅनिक ज्याला ईएचटी किंवा एलओटी म्हणतात. मी आधी रंगीत टीव्हीतला आणला आणि दोन रविवार त्यातच गेले. बल्बमध्ये रेषा धड टिकेनातच. त्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटातच डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्यामुळे बाहेर डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज येते. डीसीने काचेवर विद्युतभार साठला की प्रवाह थांबतो. काचेपलीकडे पोचायला सतत दिशा बदलणारा दाब लागतो. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीत हा डायोड बाहेर, वेगळा असतो. तसला ट्रान्सफॉर्मर मला शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, आणि त्याच संध्याकाळी बल्ब पेटला. टीव्हीतून काढायचा असेल तर मेकॅनिककडूनच काढून घ्या. पिक्चर ट्यूब बंद टीव्हीतही विद्युतभार धरून बसते.

सर्किट सोपं आहे: मोठ्या हीटसिंकवर २एन३०५५ ट्रान्झिस्टर, २२० आणि २७ ओहमचे ५ वॅटचे रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मरच्या फेराइटच्या (गाभ्याच्या) मोकळ्या बाजूवर कलेक्टरचे ८-१० आणि फीडबॅकचे ४-५ वेढे, आणि १२ व्होल्टची बॅटरी. चालू झालं नाही तर फीडबॅकची दोन टोकं उलटी जोडून बघा, बहुतेक वेळा चूक तिथेच असते. उच्च दाबाची वायर बल्बच्या टोपीवर, सेकंडरीचं (ट्रान्सफॉर्मरमधल्या उच्च दाबाच्या गुंडाळीचं) दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला.

घरातल्या २३० व्होल्टवर हे थेट कधीही जोडू नका. विकतच्या ग्लोबला लावतो तसं याच्या काचेला बोटही लावू नका. ही वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते; इतक्या वारंवारितेला झटका फारसा जाणवत नाही, पण कातडी भाजते, आणि एकाच जागी तापून काच तडकू शकते. पेसमेकर असलेल्या कुणालाही जवळ येऊ देऊ नका. ओझोनचा वास येतो, खिडकी उघडी ठेवा.

रेषा फिकट असतात, तेव्हा रात्री दिवे मालवून बघा. सेकंडरीचं टोक कुठल्या पिनवर आहे हे कळलं नाही तर पिनांचा फोटो पाठवा, मी सांगतो.