मांजराच्या लघवीच्या पट्टीवर प्रोटीन ‘दोन प्लस’ आलं, म्हणजे किडनी गेली का?

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. मांजरांच्या बाबतीत ही पट्टी फार फसवते. निरोगी मांजराच्या लघवीतही कॉक्सिन नावाचं प्रोटीन असतं, नसबंदी न झालेल्या बोक्याच्या तर भरपूर. त्यात आपल्या सोलापूरचा मे महिना. पाणी पोटात कमी गेलं की लघवी घट्ट होते आणि पट्टीचा रंग गडद दिसतो.

डॉक्टरांना यूपीसी करायला सांगा, म्हणजे लघवीतल्या प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं (किडनी रक्तातून बाहेर टाकते त्या टाकाऊ पदार्थाचं) गुणोत्तर. ०.२ च्या खाली ठीक, ०.४ च्या वर जास्त, मधलं काठावरचं. मात्र लघवीत रक्त किंवा संसर्ग असेल तर हा आकडाही वाढतो, म्हणून आधी ते तपासून घ्या. जास्त आला तर किमान दोन आठवड्यांच्या अंतरात पुन्हा दोन-तीनदा करा.

आणि यूपीसी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका! आमच्या म्हाताऱ्या मनीचा अगदी नॉर्मल होता, रक्तातलं क्रिएटिनिन मात्र चढलेलं. किडनीच्या आजारातही बऱ्याच मांजरांच्या लघवीत प्रोटीन फारसं जात नाही. रक्ततपासणी, लघवीची घनता आणि रक्तदाब बघायलाच हवेत.