जपानी शब्द आणि म्हणी इंग्रजी अर्थासकट पाठ केल्या तर ऑफिसात जपानी साहेबांवर छाप पडेल का? एन-३ ला (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) उपयोग होईल का? चांगली यादी कुठे मिळेल?

याद्या नेटवर ढिगाने पडल्यात, कुठलीही उचला. पण 'ऑफिसात जपानी साहेबांवर छाप' हे वाचलं आणि माझं डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी चाकणला एका कंपनीत दुभाष्या होतो. जपानहून एक सल्लागार आले होते, साठीच्या घरातले, डायच्या कामात मुरलेले. त्यांनी दिलेल्या जिगच्या ड्रॉइंगवर टॉलरन्सला प्लसच्या जागी मायनस पडलं होतं आणि अख्खा लॉट स्क्रॅपमध्ये गेला. मीटिंगमध्ये ते स्वतःहून उठले, कमरेत वाकले आणि 'मोओशिवाके आरिमासेन' (मनापासून माफी मागतो) म्हणाले. तिथेच विषय मिटला असता. पण आमच्या साहेबांनी नेटवरच्या जपानी म्हणी, शेजारी इंग्रजी अर्थ, अशी प्रिंट काढून डायरीत चिकटवून ठेवली होती. मी तोंड उघडायच्या आत ते हसतहसत म्हणाले, 'सारु मो की कारा ओचिरु!'

माकडसुद्धा झाडावरून पडतं. यादीतला अर्थ: जाणकाराच्या हातूनही चूक होते. अर्थात खोट काही नाही. पण भर मीटिंगमध्ये साठीच्या माणसाला माकड म्हणून झालं ना! सोबत आलेल्या तरुण इंजिनियरने वहीत डोकं खुपसलं. सल्लागार 'सारु देसु का...' (माकड, होय...) असं पुटपुटले, ओठांतल्या ओठांत हसले आणि त्यानंतरचं सगळं बोलणं त्यांनी फक्त माझ्याकडे बघून केलं.

संध्याकाळी केबिनमध्ये झापलं कोणाला, तर मला. 'आधी सांगायला काय झालं होतं?' वर 'नेटवर अर्थ तर हाच आहे' हेही ऐकवलं. महिन्याच्या रिपोर्टमध्ये 'दुभाष्याच्या समन्वयात त्रुटी' अशी ओळ आली ती वेगळीच. कोणती म्हण काढणार हे मला स्वप्नात दिसणार होतं का?

वडीलधाऱ्यांना हेच सांगायचं तर जपानीत दुसरी म्हण आहे: 'कोओबोओ मो फुदे नो आयामारि', कोबोंच्या कुंचल्याचीही चूक होते. कोबो दाइशी म्हणजे भिक्षू कुकाई (७७४–८३५). चीनला जाऊन संस्कृत शिकले, जपानमध्ये शिंगोन हा बौद्ध पंथ आणला आणि अक्षर असं की आजही नाव निघतं. क्योतोच्या राजवाड्यातल्या ओतेनमोन दरवाजाची पाटी त्यांनी लिहिली, ती वर चढवल्यावर कळलं की एका अक्षराचं टिंब राहिलंय. मग खालून कुंचला फेकून त्यांनी ते दिलं, अशी आख्यायिका आहे. म्हणजे चूकही बोलून झाली आणि माणूस कुकाईंच्या पंगतीला बसला. इंग्रजी याद्यांमध्ये या दोन्ही म्हणींपुढे अर्थ मात्र एकच छापलेला. कोणी कोणाला म्हणायची, हा रकानाच नसतो. आणि गोची तिथेच होते.

मुळात मराठी माणसाला मध्ये इंग्रजी लागतंच कशाला? 'उमा नो मिमि नि नेम्बुत्सु', घोड्याच्या कानात अमिताभ बुद्धाचं नामस्मरण. गाढवापुढे वाचली गीता! आणि ही साहेबांच्या तोंडावर म्हणायची नसते हे तुम्हाला क्लास लावून शिकावं लागत नाही. 'गो नि इत्ते वा गो नि शितागाए'ला देश तसा वेश आहे, विहिरीतल्या बेडकाला आपला कूपमंडूक आहे. याउलट 'देरु कुइ वा उतारेरु' बघा. इंग्रजी याद्यांमध्ये वर आलेल्या खिळ्यावर हातोडा पडतो. कुइ म्हणजे जमिनीत ठोकायचा खुंट. इंग्रजी याद्यांमध्ये त्याचा खिळा झालाय आणि आपण तो तसाच पाठ करतो.

बरं, जपान्यांचाही गोंधळ उडतो. 'नासाके वा हितो नो तामे नाराझु' म्हणजे दुसऱ्यावर केलेली दया फिरून आपल्याकडेच येते. कित्येक जपानी लोक तिचा अर्थ 'दया दाखवली तर समोरच्याचं नुकसान होतं' असा घेतात. २०१० या आर्थिक वर्षात त्यांच्या सरकारी भाषा-पाहणीत बरोबर आणि चूक अर्थ सांगणारे जवळजवळ समसमान निघाले, दोन्हीकडे साधारण ४६ टक्के. 'इनु मो आरुकेबा बोओ नि आतारु'चंही तसंच. कुत्रा हिंडायला निघाला की काठीला धडकतो. जुना अर्थ नसत्या उठाठेवीत फटका बसतो असा, आणि आज बरेच जण 'बाहेर पडलात तर काहीतरी हाती लागेल' असा घेतात. पाठ करून छाप कोणत्या अर्थाने पाडणार?

आता तुमच्या प्रश्नाचं. एन-३ मध्ये म्हणींसाठी वेगळा विभाग नाही. शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन, श्रवण, बस. म्हणी शिकायच्याच असतील तर जपानी मुलांसाठीचे चित्रांचे कोतोवाझा-कोश (म्हणींचे कोश) घ्या. कांजीवर (चिनी चित्राक्षरांवर) फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी बारीक अक्षरं, असतो, त्यामुळे एन-३ वाल्याला झेपतात.

हो, एक राहिलं. माकडाची म्हण वाईट नाही. मित्रामित्रांत चालते, स्वतःच्या चुकीवर तर झकास बसते. आणि सगळे जपानी-इंग्रजी कोश टाकाऊ आहेत असंही मी म्हणत नाही, उदाहरणाची वाक्यं देणारे चांगले असतात. माझा राग त्या दोन रकान्यांच्या प्रिंटवर आहे. पण तुमची परीक्षा जुलैत असेल तर तूर्त हे सगळं सोडा आणि श्रवणाला बसा, पुष्कळांचे मार्क तिथे जातात.