‘काकी, आता येतलीच!’

वाचकांचे प्रश्न

माझा मुलगा नववीत आहे. गणेश चवथीला आजोबांनी आणि मामांनी हातावर ठेवलेले पैसे त्याने मोबाइलवरच्या एका बंदुकीच्या खेळात क्रेट, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या विकतच्या पेट्या, उघडण्यात घालवले. हवी ती बंदूक मिळालीच नाही. वर म्हणतो, ‘आई, अजून दोन-चार उघडले असते तर नक्की मिळाली असती.’ यात काही तथ्य आहे का?
– एक आई, डिचोली

ताई, बहुतेक नाही. माझ्या फोंड्याच्या दुकानात गूगल प्लेचं व्हाउचर घ्यायला येणारी मुलंही हेच ऐकवतात, ‘काकी, आता येतलीच!’ म्हणजे आता मिळणारच. आणि दोन दिवसांनी पुन्हा व्हाउचर मागायला उभी असतात.

क्रेटला मागचं काही आठवत नाही. समजा, ती बंदूक मिळण्याची शक्यता शंभरात एक आहे. मुलांना वाटतं, शंभर क्रेट उघडले की एक हमखास. तसं होत नाही. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर क्रेट उघडले, तर त्यांतली सुमारे ३७ मुलं रिकाम्या हातांनी उठतील. त्यांच्यासाठी एकशे एकाव्या क्रेटची शक्यताही शंभरात एकच.

‘बहुतेक’ म्हटलं, कारण काही खेळ मोजणी ठेवतात. ठरावीक क्रेट उघडून झाले की ती वस्तू द्यायचीच, असा त्यांचा नियम असतो. तुमच्या मुलाचा खेळ तसा असेल तर त्याचं म्हणणं चूक नाही. पण मग क्रेटची किंमत गुणिले तो आकडा, ही त्या बंदुकीची खरी किंमत झाली. कागदावर त्याच्याकडूनच गुणाकार करून घ्या आणि विचारा, एवढ्याला घेतली असतीस का?

हे आकडे खेळातच कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. चीनने मे २०१७पासून ते जाहीर करण्याची सक्ती केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ॲपलनेही आपल्या ॲप स्टोअरसाठी तसा नियम आणला. चीनच्या त्या नियमामुळेच काउंटर-स्ट्राइक या बंदुकीच्या खेळातल्या पेट्यांचं गुपित फुटलं. ज्या चाकूसाठी सगळे जीव टाकतात, तो निघण्याची शक्यता ०.२६ टक्के, म्हणजे सरासरी ३८५ पेट्यांमागे एक. पेटी उघडायची किल्ली अडीच डॉलरला एक सेंट कमी. चाकू पडला साडेनऊशे डॉलरांना, तोही सरासरीने!

शिवाय रुपयांत किंमत कुठेच दिसत नाही. आधी रुपये देऊन खेळातली नाणी घ्यायची. वस्तू साठ नाण्यांची असली तर गठ्ठे पन्नासाचे नि शंभराचे. चाळीस नाणी उरतात, ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा गठ्ठा. ही रचना कोणी झोपेत केलेली नाही.

मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर एकवीस वर्षांखालच्याला प्रवेश नाही. हे जुगाराचं चाक मात्र नववीतल्या मुलाच्या दप्तरात फिरतं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८मध्ये ओव्हरवॉच, फिफा १८ आणि काउंटर-स्ट्राइकमधल्या अशा पेट्या म्हणजे जुगारच, असं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे २०२१मध्ये बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकीचा खेळ आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ७,००० रुपये खर्चाची मर्यादा जाहीर झाली होती. दिवसाला सात हजार! आमच्या बाजारात तेवढ्या महिन्याच्या पगारावर राबणारी माणसं आहेत.

खर्चावर सरसकट बंदी घाला, असं मी सांगणार नाही. समोर किंमत लिहिलेला पोशाख त्याने आपल्या पैशांतून घेतला तर घेऊ दे. चवथीला आपणही नवे कपडे घेतोच की. क्रेट मात्र बंद. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे. ती चालू करा आणि पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा.

मी फुकटात खेळतो. दर वेळी चमकणाऱ्या बंदुकीवाल्याकडूनच मरतो. पैसे टाकणाराच जिंकतो का?
– एक कॉलेजकुमार, मडगाव

पुता, चमकणारी बंदूक घेणारा बहुधा तुझ्यापेक्षा जास्त खेळलेला असतो, म्हणून मारतो. व्हॅलोरंट या खेळात कितीही महागडं स्किन, म्हणजे बंदुकीचं रंगरूप, घेतलं तरी गोळीचा मारा तेवढाच राहतो. मी स्वतः रात्री दुकान बंद केल्यावर साध्या बंदुकीने खेळते. हरते, पण दोष बंदुकीचा नसतो.

पण तुझा संशय अगदीच पोकळ नाही. ‘फक्त दिसण्यापुरतं’ म्हणून विकलेलंही कधीकधी कामाला येतं. कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोनमध्ये रोझ नावाच्या पात्राचा एक काळाकुट्ट पोशाख बॅटल पासमध्ये, म्हणजे खेळत जाऊन बक्षिसं उघडायच्या विकतच्या पासात, मिळायचा. तो घालून अंधाऱ्या कोपऱ्यात बसलं की माणूस दिसायचाच नाही. खेळाडूंनी इतका आरडाओरडा केला की २०२१मध्ये तो उजळ करावा लागला.

खरी ताकद विकायला काढली ती स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ने, २०१७मध्ये. पूर्ण किमतीचा खेळ, तरी ताकद वाढवणारी कार्डं क्रेटमध्ये. आणि डार्थ व्हेडर हे पात्र हवं तर खेळातली साठ हजार क्रेडिट जमवा! खेळाडूंनी हिशेब मांडला, एका पात्रासाठी जवळजवळ चाळीस तास. एवढा घाम गाळायला लावला की माणूस पाकिटाकडे बघतोच. संताप एवढा उसळला की कंपनीने व्हेडर पंधरा हजारांवर आणला आणि १७ नोव्हेंबरला खेळ बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी खेळातली खरेदीच थांबवली. पुढच्या मार्चपासून ती कार्डं फक्त खेळूनच मिळू लागली.

तेव्हा कोणताही नवा खेळ घेतलास की एवढंच बघ : पैशांनी मिळणारी वस्तू मारा, वेग किंवा जीव वाढवते का? वाढवत असेल तर सोडून दे. नसेल, तर नेम सुधार.

इन्स्टाग्रामवर एक जण खेळातली नाणी निम्म्या दरात देतो. त्यासाठी आयडी आणि पासवर्ड मागतो. द्यावा का?
– एक वाचक, पेडणे

अजिबात नाही. नाणी भरायला पासवर्ड कशाला लागतो? आजवर जमवलेलं सगळं तो घेऊन जाईल. पासवर्ड आधीच दिला असेल तर हे वाचून व्हायच्या आत बदला. पैसेही पाठवले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.