तिसरीतल्या मुलाचं अभ्यासात लक्ष लागावं म्हणून ओमेगा-३ सुरू करावं का?

शाकाहारी घर, मुलगा वाचनात मागे, आणि जागेवर बसत नाही म्हणून बाईंची चिठ्ठी. तुमचा हा प्रश्न वाचून आमच्या लेकीची तिसरीच आठवली. शाळेच्या गेटवर एका आईने सांगितलं म्हणून मीही नाशिकच्या कॉलेज रोडवरून ओमेगा-३ च्या, म्हणजे माशाच्या तेलाच्या, गोळ्यांची बाटली आणली होती. माशाच्या वासाचे ढेकर यायचे, ती रडायची. अर्धी बाटली फेकली.

मग जरा वाचलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१२ साली ७ ते ९ वर्षांच्या, वाचनात मागे असलेल्या ३६२ मुलांवरचा प्रयोग छापला. काहींना १६ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए (ओमेगा-३ चा एक प्रकार), बाकीच्यांना साध्या तेलाच्या गोळ्या. सगळ्यांचं मिळून वाचन काही सुधारलं नाही, अगदीच मागे असलेल्यांचं थोडं सुधारलं. पुढे तसाच प्रयोग पुन्हा केला, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला. तेव्हा तो थोडा फरकही दिसला नाही. विकणारे अर्थातच पहिल्याच प्रयोगाबद्दल बोलतात.

म्हणून घरात चांगली चरबी नको असं नाही. डीएचए मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात असतंच. आपल्याकडे सोपी वस्तू म्हणजे जवस. रविवार कारंजाला कुठल्याही किराणा दुकानात मिळेल. भाजून, कुटून चटणी करा, अख्खा दाणा तसाच पोटातून निघून जातो. पण जवसात एएलए, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३, असतं आणि त्याचं डीएचए शरीरात फारच थोडं होतं, तेव्हा चटणी औषध म्हणून नाही, चटणी म्हणूनच खाऊ द्या. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "खुरासणीची दे, तेच ते." तेच ते नाही हो! खुरासणीत मुख्यतः ओमेगा-६, म्हणजे दुसऱ्याच जातीची चरबी, असतं, आणि ते सूर्यफुलाच्या तेलातून पोटात जातंच. चव मात्र खुरासणीचीच भारी, हे मान्य.

लेकीचं काय निघालं म्हणाल तर डोळ्यांचा नंबर. फळ्यावरचं दिसतच नव्हतं, म्हणून शेजारणीच्या वहीत डोकावायची आणि बोलणी खायची. तुम्ही आधी डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. रात्री किती वाजता झोपतो तेही बघा.

एवढं करून बालरोगतज्ज्ञांनी ओमेगा-३ द्या म्हटलंच, तर शेवाळापासून काढलेलं डीएचए मागा. फक्त कॅप्सूलचं वरचं कवच बघून घ्या, ते बरेचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून बनवलेलं, असतं.