मूस जॉमध्ये बघायचं काय? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: नमस्कार ताई, आमची मुलगी कॅनडात मूस जॉला सस्कॅचवन पॉलिटेक्निकमध्ये शिकतेय. जूनअखेरीस आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय, व्हिसा झालाय, तिकिटंही काढलीयत. पण कॅलगरीचे आमचे नातेवाईक म्हणतात तिथे बघायला काही म्हणजे काही नाही, नुसतं सपाट मैदान, तुम्ही सरळ बॅन्फच्या डोंगरात या. ह्यांचा गुडघा दुखतो आणि आम्ही दोघंही शाकाहारी. खरंच काहीच नाही का हो तिथे?
एक वाचक, सांगली

उत्तर: कॅलगरीवाले असंच म्हणणार, त्यांना खिडकीतून डोंगर दिसतात ना. बॅन्फला जरूर जा, पण मूस जॉहून ते आठशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे गाडीत आठ-साडेआठ तास, गुडघ्याचं बघून मधे एक मुक्काम करा. आणि जायच्या आधी मुलीच्या गावात निदान दोन पूर्ण दिवस निवांत काढा. सस्कॅचवन राज्याच्या राजधानीत, रिजायनात राहून मी पाहुण्यांना इतक्यांदा मूस जॉ दाखवलंय (रिजायनाहून जेमतेम पाऊण तास) की माझं मत पक्कं झालंय, हे गाव धावत बघितलं तर अर्ध्या तासात संपतं आणि बसून ऐकलं तर दोन दिवस पुरत नाहीत.

तेहतीस-चौतीस हजार वस्तीचं गाव आहे. रेल्वे आली १८८२-८३ च्या सुमाराला आणि तिच्याबरोबर गाव वाढलं, त्यामुळे मेन स्ट्रीट सरळ स्टेशनच्या दारात जाऊन थांबते. जुन्या विटांच्या इमारती, भिंतींवर गावाच्या इतिहासाची मोठमोठी चित्रं, आणि मेन स्ट्रीटला लागूनच क्रेसेंट पार्क, तिथे झाडं, ओढा, बाकडी, जुनी लायब्ररी. काकांचा गुडघा कुरकुरला की बसायला जागाच जागा. चालायला संध्याकाळी निघा, कारण जूनअखेरीस सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो आणि दहापर्यंत उजेड असतो, आपल्या लोकांचं जेवायचं घड्याळ पार बिघडतं.

हायवेला लागूनच मॅक नावाचा मूस (मूस म्हणजे तिकडचं भलंमोठं हरीण) उभा आहे, म्हणजे काँक्रीटचा पुतळा. १९८४ साली उभारला तेव्हापासून जगातला सगळ्यात उंच मूस म्हणून मिरवायचा, मग २०१५ मध्ये नॉर्वेतल्या एका गावाने चकचकीत स्टीलचा मूस उभारला तोही मुद्दाम तीसेक सेंटीमीटर जास्त उंच, झालं, इकडे गावाच्या इज्जतीचा प्रश्न! २०१९ मध्ये दोन्ही गावांची जाहीर जुंपली, टीव्हीवर बातम्या, लोकांनी वर्गणी काढली आणि शेवटी मॅकला नवी मोठी शिंगं बसवून उंची परत मिळवली. फोटो काढायला पाच मिनिटं लागतात पण ही गोष्ट माहीत असली की फोटोत मजा येते, नाहीतर तो रस्त्याकडेचा एक पुतळाच.

गुडघ्यासाठी मात्र एक खास गोष्ट आहे. १९१० मध्ये नैसर्गिक वायू शोधायला बोअर मारलं तर खालून गरम खारं पाणी लागलं. आज टेंपल गार्डन्स हॉटेलच्या गच्चीवरच्या तलावात तेराशे मीटरपेक्षा जास्त खोलीवरून काढलेलं तसलंच पाणी खेळवलंय, अर्धा तलाव आत, अर्धा बाहेर उघड्यावर, मुक्कामाला नसलात तरी तिकीट काढून जाता येतं. काकांना बरं वाटेल, गुडघा बरा होईल असं मात्र मी म्हणणार नाही. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन बसत जा. आणि हो, पंजाबी ड्रेस घालून उतरू देत नाहीत, पोहण्याच्या कापडाचे पूर्ण बाह्यांचे सूट मिळतात ते इथूनच घेऊन जा, तिकडे महाग पडतात. एकदा पाण्यात गेलात की कोणी कोणाकडे बघत नाही.

खाण्याचं म्हणाल तर शहरात उपाशी राहणार नाही, भारतीय जेवण हल्ली मिळतं आणि मुलीच्या घरी स्वयंपाक आहेच. पण पेरोगी नक्की खा, युक्रेनहून आलेल्या लोकांचा पदार्थ, मैद्याच्या पारीत बटाटा आणि चीजचं सारण, करंजीसारखी मुडपून आधी उकडतात मग लोण्यात कांद्याबरोबर परततात. फक्त ऑर्डर देतानाच वर बेकन (डुकराचं मांस) नको म्हणून सांगा, कारण न विचारता भुरभुरतात. पुटीनवरची (बटाट्याच्या फ्राइज आणि चीजच्या पदार्थावरची) ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी मांसाची असते, ते सोडून द्या. सस्कटून बेरीचा पाय (पारीत गोड सारण भरून भाजतात तो पदार्थ) म्हणजे आपल्या जांभळासारख्या रंगाच्या रानफळाचा, तो छान लागतो, पण जुन्या पद्धतीच्या पारीत डुकराची चरबी घालतात तेव्हा तेही विचारा. आणि मेनूतल्या किमतीवर अकरा टक्के कर लागतो, पाच केंद्राचा सहा राज्याचा, वर टीप वेगळी, त्यामुळे बिल बघून दचकू नका.

प्रश्न: मूस जॉच्या जमिनीखाली बोगदे आहेत आणि अमेरिकेतला कुप्रसिद्ध गुंड अल कपोन तिथे लपून राहायचा म्हणे. खरं आहे का? तिकीट काढून बघण्यासारखं आहे का?
एक वाचक, पुणे

उत्तर: बोगद्यांची टूर आहे, ती २००० सालापासून चालू आहे, आणि अल कपोनचा पुरावा नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवून जा म्हणजे फसल्यासारखं वाटणार नाही.

मूस जॉहून सू लाइन नावाची रेल्वे थेट अमेरिकेत जायची. तिकडे १९२० ते १९३३ दारूबंदी, इकडे सस्कॅचवनमध्ये १९२४-२५ लाच बंदी उठलेली, मग माल कुठून कुठे जात असेल ते सांगायला नको. रिव्हर स्ट्रीटवर हॉटेलं, जुगार, सगळे धंदे होते आणि गावचे पोलीसही काही धुतल्या तांदळाचे नव्हते अशी जुनी ख्याती. इथपर्यंत ठीक. पण कपोन स्वतः इथे आला, इथल्या न्हाव्याकडे दाढी करून घेतली, इथल्या डॉक्टरने त्याला तपासलं, या सगळ्या ऐकीव गोष्टी, कागद एकाचाही नाही. टूरमध्ये नट लोक त्या काळचे कपडे घालून तुम्हालाच दारूचे गिऱ्हाईक करून आत नेतात, ओरडतात, लपवतात, नाटकच आहे ते, आणि चांगलं करतात. लहान मुलांना भयंकर आवडतं. जिने आहेत, जागा अरुंद आहे, गुडघेवाल्यांनी आणि कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनी विचार करून जावं.

दुसरी टूर चिनी मजुरांवर आहे आणि मला तिच्याबद्दल जास्त बोलायचंय. त्यात चिनी लोक बोगद्यात लपून राहायचे, तिथेच कपडे धुवायचे असं दाखवतात, आणि यालाही कागदोपत्री आधार नाही. पण त्यांच्यावर जमिनीच्या वर, भर उजेडात, कायद्याने जे झालं त्याला मात्र ढिगाने आधार आहे. रेल्वे बांधून झाली आणि लगेच १८८५ मध्ये कॅनडाने देशात येणाऱ्या चिनी माणसावर डोई कर बसवला, आधी ५० डॉलर, मग १०० आणि १९०३ पासून ५००, तेव्हाच्या मजुराची कित्येक महिन्यांची कमाई. १९२३ ला तर दारच बंद केलं ते १९४७ पर्यंत. सरकारने याची माफी मागितली २००६ मध्ये.

आणि खुद्द मूस जॉची गोष्ट तर टूरपेक्षा जबरदस्त आहे. १९१२ मध्ये सस्कॅचवनने कायदा केला की चिनी मालकाने गोऱ्या बाईला नोकरीवर ठेवायचं नाही. मूस जॉमध्ये क्वोंग विंग नावाच्या माणसाचं रेस्टॉरंट होतं, रीतसर नागरिकत्व घेतलेला माणूस, त्याच्याकडे दोन गोऱ्या वेट्रेस कामाला होत्या म्हणून त्याला दंड झाला. गडी गप्प बसला नाही, थेट कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि १९१४ मध्ये हरला, न्यायमूर्तींपैकी एकट्या आयडिंग्टन यांचं मत त्याच्या बाजूने पडलं. पुण्यात कायदा शिकणारी मुलं घरात असतील तर त्यांना हा खटला वाचायला सांगा. म्हणून म्हणते, तिकीट काढा, नाटक बघा, आणि बाहेर आल्यावर मेन स्ट्रीटवर उभं राहून हा माणूस आठवा.

प्रश्न: आम्हा दोघांना गाडी चालवता येत नाही. ट्रेनने किंवा एसटीसारख्या बसने फिरता येईल का?
एक वाचक, ठाणे

उत्तर: थोडक्यात, नाही. मूस जॉला स्टेशन आहे आणि मालगाड्या दिवसभर धडधडतात, पण प्रवासी गाडी १९९० पासून नाही, देशभर जाणारी ट्रेन वर उत्तरेला सस्कटून शहरावरून जाते. राज्य सरकारची बस कंपनी होती, अगदी आपल्या एसटीसारखी गावोगावी जाणारी, ती ३१ मे २०१७ ला बंद केली. पुढच्या वर्षी ग्रेहाउंड या खाजगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडातून गाशा गुंडाळला. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे दवाखान्यात जायचे वांधे झाले, अजून लोक त्याबद्दल चिडून बोलतात. आता एखाददुसरी खाजगी बस हायवेवरून जाते, वेळा तपासूनच ठरवा. कोणी ओळखीचं गाडीवालं गाठा नाहीतर रिजायना विमानतळावरून टॅक्सी करा, महाग आहे पण जमतं. गावात फिरायला पायच पुरतात.

प्रश्न: आमचा लातूरला डाळीचा व्यवसाय आहे. कॅनडाची मसूर वर्षानुवर्षं बघतोय पण पोत्यातच! शेतात उभी बघायची इच्छा आहे. कधी जावं आणि आणखी काय बघावं?
एक वाचक, लातूर

उत्तर: अहो, तुम्ही तर या गावचे खरे पाहुणे! कॅनडातली बहुतेक सगळी मसूर सस्कॅचवनमध्ये होते आणि लाल मसुरीचा पट्टा मूस जॉच्या आजूबाजूलाच आहे. आणि हे काही परंपरागत पीक नव्हे, सस्कॅचवन विद्यापीठातल्या अल स्लिंकार्ड यांनी १९७८ मध्ये लेयर्ड नावाचं वाण दिलं त्यानंतर हे सगळं उभं राहिलं.

मे महिन्यात पेरणी, ऑगस्टपासून काढणी. झाड गुडघ्याइतकंही नसतं आणि शेंगा जमिनीलगत, त्यामुळे पेरल्यावर शेतावरून भलामोठा रोलर फिरवून दगड आणि ढेकळं दाबून टाकतात, नाहीतर काढणीच्या वेळी मशीनच्या तोंडात जातात. धंद्यातल्या माणसाने ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावं, मशीन चालताना दिसेल. नुसता रंग बघायचा तर जुलैच्या पूर्वार्धात, मोहरीसारखा कॅनोला पिवळाधमक आणि जवस निळं, क्षितिजापर्यंत. एक मैल बाय एक मैल असे चौकोन पाडलेत जमिनीचे, ६४० एकराचा एक, आणि अशा दोन-तीन चौकोनांचा मालक स्वतःला मोठा शेतकरी म्हणवत नाही.

पण शेतात परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, कायदाच आहे तसा, शिवाय बुटांच्या मातीतून रोग पसरतो म्हणून लोक धास्तावलेले असतात. आधी फोन करून विचारलंत आणि लातूरचा डाळवाला म्हणून ओळख सांगितलीत तर मात्र चहा-कॉफी नक्की, कारण आपल्याकडच्या आयात शुल्काची बातमी तिथल्या शेतकऱ्याला घरबसल्या माहीत असते. २०१७ च्या अखेरीस दिल्लीने वाटाण्यावर ५० टक्के आणि मसुरीवर ३० टक्के शुल्क लावलं त्याची आठवण काढा, दोन तास गप्पा चालतील. तुम्हाला भाव पडल्याचं दुःख, त्याला भाव पडल्याचं दुःख, जमेल तुमचं. पाऊस पडल्यावर मात्र कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नका, तिथली चिकणमाती चाकांना थापली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर चालतोच असं नाही.

रिजायनाकडे जाताना बेल प्लेनला पोटॅशची खाण लागते, जमिनीत खोल गरम पाणी सोडून क्षार विरघळवून वर काढतात. आपल्या उसाला आणि द्राक्षाला जे पोटॅश घालतो त्यातलं बरंचसं याच राज्यातून येतं. आत जाऊ देत नाहीत, रस्त्यावरून बघा.

आणि दक्षिणेला तेरा किलोमीटरवर सुकानेन म्युझियम आहे ते चुकवू नका. टॉम सुकानेन नावाचा फिनलंडचा शेतकरी, १९३० च्या दशकात इथे भीषण दुष्काळ, सगळीकडे धूळ उडतेय, पिकं गेलेली, आणि या बाबाने भर माळावर समुद्रात जाणारं जहाज बांधायला घेतलं. नदी मैलोन्‌मैल लांब. विचार असा की नदीतून हडसन बे या उपसागरात आणि तिथून घरी फिनलंड. स्वतः लोखंड ठोकायचा, स्वतः तुकडे ओढत न्यायचा, लोक वेडा म्हणायचे आणि शेवटी वेड्यांच्याच इस्पितळात १९४३ मध्ये वारला. जहाज पुढे लोकांनी गोळा करून जोडलं, आता गवतात उभं आहे. म्युझियम उन्हाळ्यापुरतंच उघडं असतं, तेव्हा आधी चौकशी करा.

प्रश्न: जानेवारीत गेलं तर चालेल का? तिकीट स्वस्त मिळतंय.
एक वाचक, नागपूर

उत्तर: स्वस्त का मिळतंय याचा विचार करा की! उणे तीस होतं तिथे, कधी त्याच्याही खाली, गाडीच्या इंजिनाला रात्री विजेची वायर लावून ठेवावी लागते. नागपूरच्या माणसाला मे महिना सोसतो म्हणून जानेवारीही सोसेल असं नाही. गच्चीवरच्या गरम पाण्यात केसांवर बर्फ धरतो ती गंमत सोडली तर बाकी सुकानेनसकट बरंच काही बंद. जून ते सप्टेंबर जा, सप्टेंबरचा पहिला आठवडा सगळ्यात उत्तम, डास कमी झालेले असतात. जून-जुलैत गेलात तर डासांचा स्प्रे पहिल्याच दिवशी तिथल्या दुकानातून घ्या, आपलं ओडोमॉस त्यांना पुरत नाही. आणि घरी फोन करायला एक सोय, सस्कॅचवनमध्ये उन्हाळा-हिवाळ्याला घड्याळं मागेपुढे करत नाहीत, वर्षभर भारताशी साडेअकरा तासांचाच फरक.