तारीख घातलेली पोचपावती

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पगारपत्रकाचा फोटो पाठवून तू विचारलंस, व्यवसाय कराचे हे 200 रुपये जातात कुठे. खाली लिहिलंस की सरकार फार पसरलंय, फुकट वाटतंय. आणि त्याच्याच खाली, गावाकडच्या काकूंना महिन्याला 1500 मिळतात म्हणून बरं वाटलं, असंही. दोन्ही खरं वाटतं म्हणून गोंधळलास. सरकार मोठं असावं की लहान, यावर आयुष्यभर भांडता येईल. मागणाऱ्याच्या हातात तारीख घातलेली पोचपावती पडते का, ते आधी बघ.

तुझे 200 फेब्रुवारीत 300 होतात, वर्षाचे 2500. घटनेच्या 276व्या कलमामुळे त्यापुढे जाता येत नाही. 1975 साली हा कर बसला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने द्यायचं, राज्याने तिजोरीतून तेवढीच भर घालायची आणि दुष्काळी शिवारात पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्यांची कामं काढायची. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव भागात केलेला रोजगार हमीचा प्रयोग 1972 च्या दुष्काळात राज्यभर गेला, 1977 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. दुष्काळ पडला की सरकार कामं काढायचंच, पण ती त्याच्या मर्जीने. मजुराने मागितलं की सरकारला द्यावं लागेल, हे या कायद्याने आणलं.

2005 चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच वाटेने गेला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत द्यायचं, नाहीतर बेरोजगार भत्ता: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मी. त्या कायद्यात अकुशल मजुरीचा पैसा केंद्राचा होता, भत्ता मात्र राज्याच्या खिशातून. म्हणजे राज्याला काम देणं स्वस्त आणि न देणं महाग होतं. मांडणी हुशारीची होती. पण त्यातूनच पळवाट निघाली, कारण सगळ्यात स्वस्त काय, तर मागणीची नोंदच न करणं.

ते कसं होतं, नीट बघ. बाई ग्रामपंचायतीत येते, तोंडी काम मागते. 'नाव लिहून घेतलं, कळवतो.' पावती नाही. तीन आठवड्यांनी काम मंजूर होतं, तेव्हा तिच्याकडून नमुना 4 चा, म्हणजे कामाच्या मागणीचा, अर्ज भरून घेतात आणि त्यावर त्या दिवसाची तारीख टाकतात. संगणकात मागणी 14 तारखेची, मस्टर, म्हणजे हजेरीपट, 16 पासून. उशीर शून्य, भत्ता शून्य. अहवालात मागणाऱ्या जवळपास सगळ्यांना काम मिळालेलं दिसतं, आणि ती बाई त्या तीन आठवड्यांत ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन गेलेली असते. कागदावर कोणीही खोटं लिहिलेलं नाही. फक्त पावती दिली नाही.

1988 मध्ये राज्याच्या रोजगार हमीवरची मजुरी दुप्पट झाली आणि त्यानंतर हजेरी घटली. पैसा पुरेना म्हणून कामंच आखडती घेतली गेली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. आमच्या पिढीने दरवाढीसाठी मोर्चे काढले, पावतीसाठी काढले नाहीत. ही चूक मी मान्य करतो. दर वाढवणं गैर नव्हतं, आजही तेच म्हणेन. पण पावती नसेल तर वाढलेला दर मोजक्यांच्या वाट्याला येतो आणि बाकीच्यांना परत पाठवलं जातं, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता काकूंचे 1500. ती 'लाडकी बहीण' योजना 2024 मध्ये शासन निर्णयाने आली. शासन निर्णय मंत्रालयातून निघतो आणि तिथूनच बदलतो. कायदा बदलायला विधिमंडळात जावं लागतं. 2025 मध्ये पडताळणी सुरू झाली आणि अनेकींचे हप्ते थांबले. अपात्र असतील त्यांचे थांबावेतच. पण पात्र बाईचा हप्ता चुकून थांबला, तर तिने कोणाकडे, कोणत्या कागदावर दाद मागायची आणि किती दिवसांत उत्तर मिळायचं? हे तू काकूंना विचारलंस का? मला 'फुकटेगिरी'वर दोन पानं लिहिलीस, हे मात्र विचारलं नसशील. राग येतो तो याचा.

राज्यात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित केलेल्या सेवेसाठी अर्जाची पोच, मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरलेला असतो, अपील करता येतं आणि कसूर झाल्यास त्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. दंड क्षुल्लक वाटेल. पण चूक कोणाची, हे नावानिशी ठरतं ते या पोचेमुळेच. सरकार वाढायचं असेल तर असं वाढू दे. ज्या योजनेत पोच नाही, मुदत नाही, ती कितीही रकमेची असो, मी तिला हक्क म्हणणार नाही. याला हट्ट म्हणतात. म्हणू देत.

सुट्टीत गावी जाशील तेव्हा वादविवाद नको, एक काम कर. काकूंची जी काही तक्रार असेल ती एका पानावर लिहून काढ: नाव, गाव, अर्ज क्रमांक, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा, मागणी काय. दोन प्रती कर. एक कार्यालयात दे, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घे. शिक्क्यात तारीख पुसट उठते, म्हणून सहीखाली पेनाने लिहून घे. 'साहेब जेवायला गेलेत' म्हणाले तर थांब. नाहीच घेतलं, तर त्याच दिवशी तोच कागद त्याच कार्यालयाच्या नावाने पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठव. टपालाची पावती काकूंकडेच राहू दे, तू शहरात घेऊन येऊ नकोस.

तुझा,
काका