टायपोग्राफी म्हणजे सुलेखन नव्हे, पण मग काय?

प्रश्न असा आलाय: सोसायटीच्या वाचनालयाला एका निवृत्त आर्ट डायरेक्टरांनी त्यांची चाळीसेक पुस्तकं दिली, सगळी टायपोग्राफी, लेटरिंग, कॅलिग्राफी, ग्राफिक डिझाईन अशा विषयांवरची. यादी आणि कपाटावरच्या पाट्या मराठीत करायच्यात. एका सभासदाने सरसकट 'सुलेखन' लिहून टाकलं, दुसरे म्हणतात 'टंकविद्या' लिहा. बरोबर काय, आणि फॉन्टला 'टंक' म्हणायचं का?

आधी थोडक्यात सांगतो. सुलेखन सगळ्याला चालणार नाही, टंकविद्या तर मला कशालाच चालणार नाही असं वाटतं (वाचणाऱ्याला वाटेल कोपऱ्यावरचा टायपिंग क्लास!), आणि फॉन्टला फॉन्टच म्हणा. आता लांबण लावतो.

आपण मराठीत नवा शब्द हवा झाला की लगेच नाम शोधायला धावतो, संस्कृत धातू काढतो, त्याला विद्या, शास्त्र, कला असं काहीतरी जोडतो आणि मोकळे होतो. इथे क्रियापदापासून सुरुवात केली तर गोंधळ बराचसा आपोआप सुटतो, कारण अक्षराचं आपण नेमकं काय करतो यासाठी मराठीत वेगवेगळी क्रियापदं पहिल्यापासून आहेत. अक्षर लिहितात, अक्षर काढतात आणि अक्षर जुळवतात.

लिहितात ते कॅलिग्राफीवाले. बोरू, टाक, कटनिब, ब्रश, काही का असेना, हात चालतो आणि त्या चालण्यातून अक्षर होतं, एकदा उमटलं की उमटलं. याला सुलेखन हा शब्द आता पक्का बसलाय, अच्युत पालवांच्या कामामुळे तर तो घराघरांत गेला, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांमध्ये 'सुलेखनकार' असंच होतं आणि कुणालाही कंस करून अर्थ सांगावा लागला नाही. शब्द रुळल्याची यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही.

काढतात ते लेटरिंगवाले. म्हणजे रांगोळी काढतो, चित्र काढतो, तसं. पेन्सिलने आधी बाह्यरेषा, मग खोडरबर, मग परत, मग शाई भरणं, पांढऱ्या रंगाने कडा साफ करणं. इथे एकदाच, त्याच शब्दासाठी, ते अक्षर बनतं. कमल शेडगे हे याचं सगळ्यांना पटेल असं उदाहरण, पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातीत 'मत्स्यगंधा' किंवा 'रायगडाला जेव्हा जाग येते' ही अक्षरं बघितली की तिकीट काढायच्या आधीच नाटकाचा पिंड कळायचा. ती अक्षरं कुठल्या फॉन्टमधून आलेली नाहीत आणि एका झटक्यात लिहिलेलीही नाहीत. याला अक्षरांकन म्हणावं. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत 'अक्षरलेखन' असा शब्द होता, भूमितीच्या पेपरला जोडून यायचं ते, पट्टीने चौकोन आखून त्यात अक्षर बसवायचं. माझा त्या पेपरात कायम 'क्ष' चुकायचा. पण तिथे करायचं होतं ते लेखन नव्हतंच, आखणं होतं, म्हणून मला अक्षरांकन जास्त प्रामाणिक वाटतं. आता कुणी म्हणेल की आई मुलाला 'नीट अक्षर काढ' म्हणते तेव्हा ती काय लेटरिंग करायला सांगते का? नाही, पण हात आवरून, बघून, जपून कर असंच सांगत असते ना. म्हणजे क्रियापद बरोबरच आहे.

आणि जुळवतात ते टायपोग्राफीवाले. इथे अक्षर आधीच कुणीतरी तयार करून ठेवलंय, तेच 'क' या पानावर पन्नास वेळा येणारे, आपलं काम ते दुसऱ्या अक्षराशेजारी बसवणं, ओळी करणं, ओळींत हवा सोडणं, समास ठेवणं. छापखान्यात याला खिळे जुळवणं म्हणत आणि करणाऱ्याला जुळारी. कंपोझिटर हा शब्द नंतर एवढा पसरला की जुळारी ऐकायला मिळेनासा झाला, पण काय शब्द आहे! आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचा, तिथले काका समोर न बघता खणांतून खिळे उचलायचे आणि हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे खिळे रचायच्या पट्टीत, उलटी ओळ उभी करायचे. आम्ही पोरं सांडलेले खिळे खिशात घालून पळायचो, शिशाचे हात तसेच तोंडाला लावायचो, आज कुणी बघितलं तर आमच्या आयांना दोष देईल.

खिळा हा शब्द मला टाईपपेक्षाही आवडतो, वस्तू कशी दिसते ते सांगतो, डोक्यावर अक्षर असलेला धातूचा उभा तुकडा. खिळाछपाई, खिळामुद्रण म्हटलं की लेटरप्रेस, शिळाछाप म्हटलं की लिथो, दगडावरचं. कुणा समितीने बसून हे ठरवलं असेल असं वाटत नाही, हात काळे झालेल्या माणसांच्या तोंडचे शब्द आहेत.

आता 'टंक'कडे येतो, कारण त्याची बाजूही मांडायला पाहिजे. संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडायची छिन्नी, आणि नाणंसुद्धा. त्यातूनच आपली टांकसाळ आली आणि पाथरवटाची टाकी आली, 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' मधली. आणि गंमत म्हणजे इंग्रजी टाईपच्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थही घाव, ठोका, आणि ठोक्याने उठलेली खूण. म्हणजे ज्याने कुणी टाईपसाठी टंक निवडला त्याचा कान चांगला होता, दोन्हीकडे घावच आहे.

फॉन्टचं मूळ मात्र वेगळंय. तो फ्रेंचमधून आलाय, वितळवून ओतणं या अर्थाच्या क्रियापदावरून, म्हणजे फॉन्ट म्हणजे एका ओतणीतून निघालेला खिळ्यांचा संच. आणि मुद्रण आलं मुद्रेवरून, मुद्रा म्हणजे शिक्का, ठसा. हे तीन शब्द तुम्हाला वेगवेगळे वाटतील पण खिळा तयार कसा व्हायचा ते बघा: पोलादी कांडीच्या टोकावर कारागीर उलटं अक्षर कोरायचा, ते कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकलं की त्यात अक्षराचा खड्डा पडायचा, त्या खड्ड्याला पुस्तकी मराठीत मातृका म्हणतात, आणि मग तिच्यात शिसं, अँटिमनी, कथील यांचा रस ओतायचा. कोरणं झाला टंक, ठोकणं झाली मुद्रा, ओतणं झाला फॉन्ट. एकाच कारखान्यातल्या तीन टेबलांवरचे शब्द आहेत हे. (मातृका म्हणजे वर्णमालासुद्धा, आणि आईसुद्धा. 'अक्षर म्हणजे ज्याचा नाश होत नाही ते' हे मात्र मी इथे आणणार नाही, ते प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात असतंच.)

मुंबईत हे सगळं काम एका छताखाली आणणारा माणूस म्हणजे जावजी दादाजी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिकले, १८६४ मध्ये टाईप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरणारे राणोजी रावजी आरू. निर्णयसागरचं जुनं संस्कृत पुस्तक कुठे मिळालं तर त्यातला 'ऋ' आणि 'क्ष' नुसते बघा, अर्थ कळायची गरज नाही. त्याच्याही आधी, १८०५ मध्ये, एकीकडे बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण खिळ्यांनी छापलं जात होतं आणि दुसरीकडे मिरजेला तांब्याच्या पत्र्यावर अख्खी गीता कोरून छापली गेली. तिथे खिळा नाही, जुळवणं नाही, नुसती कोरणी. म्हणजे छपाई आहे पण टायपोग्राफी नाही, हा फरक समजवायला याहून सोपं उदाहरण नाही.

मग एवढं मूळ चांगलं असताना टंक का नको? कारण जागा गेली. टंकलेखन, टंकलेखक, टंकन या शब्दांनी टंकला कीबोर्डशी बांधून टाकलं, आता 'सुंदर टंक' म्हटलं तर ऐकणारा क्षणभर अडखळतो. नेटवर काही मंडळी फॉन्टसाठी टंक नेटाने वापरतात, त्यांच्याशी भांडण नाही, पण वाचनालयाच्या पाटीवर लोकांना अडखळवून काय मिळणार.

उधार शब्द आपला झाला का हे ओळखायची माझी एक घरगुती कसोटी आहे, त्याला मराठी सामान्यरूप लागतं का बघायचं. 'ठळक टाइपात छापा' आपण सहज म्हणतो, जुने लोक 'पायक्यात घे' म्हणायचे (पायका हे टाईपाचं एक माप), तर टाईप आणि पायका आपले झाले, विषय संपला. 'फॉन्टात' अजून कुणी म्हणत नाही, 'फॉन्टमध्ये' म्हणतो, म्हणजे पाहुणा अजून सोफ्यावरच बसलाय, स्वयंपाकघरात आला नाही. येईल.

टाईपफेस आणि फॉन्ट यातला फरक यादीत दाखवायचा असेल तर घराणं हा शब्द वापरून बघा. मुंबईच्या एकटाईप या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' घ्या, त्यात अगदी बारीकपासून एकदम ठळकपर्यंत सात वजनं आहेत, गुरमुखी, गुजराती, तमिळमधली भावंडं वेगळी. हे सगळं मिळून घराणं, आणि त्यातलं एक वजन म्हणजे एक फॉन्ट. गाण्यातलं घराणं माहीत असलेल्याला वेगळं समजवावं लागत नाही.

अक्षराच्या अवयवांना काय म्हणायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण यादी करताना येईलच, पुस्तकांत पानंच्या पानं असतात त्यावर. तिथे तर कोशात बघूच नका, पहिलीतल्या पोराला विचारा. पोटफोड्या ष, शेंडीफोड्या श, पाय मोडका म, काना, वेलांटी, रफार, शिरोरेघ. शासनानेसुद्धा ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श' असं लिहिलंय, देठ आणि पाकळी! सरकारी कागदात एवढं गोड मराठी फार क्वचित सापडतं, ते 'युक्त' तेवढं काढलं असतं तर पूर्ण मार्क दिले असते.

छपाईच्या चुकीला आपण मुद्राराक्षस म्हणतो हेही याच खात्यातलं. विशाखदत्ताच्या त्याच नावाच्या संस्कृत नाटकातला राक्षस हा नंदांचा अमात्य आणि मुद्रा त्याची अंगठी, चाणक्याच्या हाती लागलेली. कुणा मिश्कील मराठी माणसाने त्याला छापखान्यात नेऊन बसवलं, आणि तो अजून तिथेच आहे. 'टायपो' म्हणण्यात ती मजा नाही.

राहिलं ग्राफिक डिझाईन. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला, पुढे त्याला उपयोजित कला म्हणायला लागले, पण तो शब्द फार मोठा आहे, जाहिरात, फोटो, सगळंच पोटात घेतो. जुन्या पुस्तकांत आणि दिवाळी अंकांत 'मुखपृष्ठ', 'सजावट', 'मांडणी' अशी श्रेयं असायची. यातला मांडणी मला सगळ्यात कामाचा वाटतो, पानाची मांडणी म्हटलं की लेआउटच. पण अख्ख्या विषयाला तो पुरत नाही हे खरं, आणि 'आलेखन' वगैरे म्हटलं की गणितातले आलेख आठवतात. ग्राफिक डिझाईन असंच ठेवा.

तर पाट्या अशा करा: सुलेखन, अक्षरांकन, टाईप आणि मुद्रण, ग्राफिक डिझाईन. टायपोग्राफीला एकशब्दी नावाचा हट्ट धरला नाही तर 'टाईप आणि मुद्रण' मध्ये सगळं मावतं. बापूराव नाईकांचे देवनागरी टाइपावरचे इंग्रजीतले तीन खंड त्या पुस्तकांत असतील (१९७१ चे, भाषा संचालनालयाने काढलेले), तर ते तिथेच जातील आणि कुणाला घरी देऊ नका, आधी मला कळवा. शेडगेंची पुस्तकं असली तर अक्षरांकनात. फक्त र. कृ. जोशींविषयी काही निघालं तर पंचाईत आहे, हा माणूस सुलेखन करायचा, जाहिरातीत अक्षरं काढायचा, कविता अक्षरांतून मांडायचा, आणि विंडोजमधला मंगल फॉन्टही त्यांचाच. त्यांना कुठल्या खणात घालणार, एक प्रत असली तर सुलेखनात ठेवा आणि बाकी दोन्हीकडे चिठ्ठी लावा.

आणि पाट्या कॉम्प्युटरवर करणार असाल तर एक बघा, काही फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळणाचा दांडीचा ल येतो, भाषा मराठी निवडली की पाकळीचा बाहेर येतो. 'सुलेखन' मधल्या ल ला तेवढी पाकळी असू द्या. पेंटरकडून रंगवून घेणार असाल तर ते सांगावं लागणार नाही.